मुंबईच्या जमिनीखालचे तीन प्रवाह

मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. ते सात तलावांतून येते. विहार आणि तुळशी हे दोन शहराच्या हद्दीतच, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा हे उरलेले पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात. वापरून झाले की हेच पाणी मैलापाणी होऊन दुसऱ्या जाळ्यात शिरते आणि शेवटी खाडीत किंवा समुद्रात जाते. पावसाळ्याचे चार महिने आभाळातून पडणाऱ्या पाण्यासाठी तिसरे जाळे आहे. महापालिकेत या तिघांची खाती वेगळी: जल अभियंता, मलनिःसारण आणि पर्जन्य जलवाहिन्या. नकाशेही वेगळे, निविदाही वेगळ्या. गल्लीत मात्र ही तिन्ही जाळी एकमेकांना चिकटून, कधी एकमेकांतून जातात. शहराच्या पाणीव्यवस्थेचे नूतनीकरण अवघड होते ते मुख्यतः यामुळेच.

अडचणीचे मूळ जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. १८५०च्या दशकातल्या टंचाईने ती व्यवस्था मोडीत काढली. हेन्री कोनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमाजवळ विहारचे धरण बांधले गेले आणि १८६० साली नळाचे पाणी शहरात आले. नळ आले, पण गटारे आली नाहीत. घराघरांत वाढलेले पाणी बाहेर कुठे जाणार, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला आणि भूमिगत मलवाहिन्यांचे काम मागाहून, तुकड्यातुकड्यांनी सुरू झाले. पाणी आणण्यात तत्परता आणि ते बाहेर काढण्यात दिरंगाई ही सवय या शहराला तेव्हापासून लागली. १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा, स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात वैतरणेवरचा तलाव (महापालिकेचे अभियंता नानासाहेब मोडक यांच्या नावाने तो मोडक सागर झाला), १९७०च्या दशकात अप्पर वैतरणा, मग टप्प्याटप्प्याने भातसा आणि अलीकडे मध्य वैतरणा. पाण्याची ही यादी अशी वाढतच गेली. मलप्रक्रिया केंद्रांची यादी एवढ्या उत्साहाने कधी वाढली नाही.

सातही तलावांचा उपयुक्त साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यातला जवळपास अर्धा, ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातशाचा. पावसाळ्यात वृत्तपत्रांत रोज 'तलाव भरले' अशी बातमी येते तेव्हा विहार-तुळशी ओसंडल्याचा आनंद मोठा असतो. प्रत्यक्षात या दोघांचा मिळून साठा एकूण साठ्याच्या अडीच टक्क्यांच्या आसपासच आहे. मुंबईचे वर्ष भातसा आणि वैतरणेच्या खोऱ्यावर चालते. त्या डोंगरांतले आदिवासी पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे या व्यवस्थेचे न लिहिले जाणारे कलम आहे.

तलाव उंचावर असल्याने बरेचसे पाणी उताराने, पंपाविना येते. भातशाचे पाणी नदीतून पिसे येथे येते, तिथे ते उचलून पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेतात. बाकीचा मोठा भाग भांडुप संकुलात शुद्ध होतो. इथल्या जुन्या केंद्राची क्षमता १,९१० आणि नव्याची ९०० दशलक्ष लिटर आहे. पाण्यात तुरटीसारखे द्रव्य मिसळून गढूळपणाचे कण एकत्र आणायचे, ते तळाशी बसू द्यायचे, वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळायचे आणि शेवटी क्लोरिन द्यायचे, ही त्याची रीत. शुद्ध झालेले पाणी शहरभरच्या टेकड्यांवरील सेवा जलाशयांत जाते. तिथून ठरलेल्या वेळी एकेका विभागाला सोडले जाते.

या साखळीत सर्वांत जुन्या झालेल्या कड्या म्हणजे जमिनीवरून धावणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या. तानसा वाहिनी ठाण्यापासून शहरात येताना तिच्या दोन्ही अंगांना झोपड्या वाढल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वाहिनीच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटरचा पट्टा मोकळा करण्याचे काम सुरू झाले. पाण्याच्या सुरक्षेसाठी ते आवश्यक होते. पण तिथून हटवलेल्या अनेक कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेल्या माहुलमध्ये घरे मिळाली आणि तिथल्या हवेच्या प्रदूषणावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. पाइप बदलणे हे काम अभियांत्रिकीच्या कोष्टकात बसते, त्यालगतची माणसे हलवणे बसत नाही.

जुन्या वाहिन्यांना पर्याय म्हणून मुंबईने जलबोगद्यांचा मार्ग धरला. खडकात सत्तर-ऐंशी मीटर किंवा त्याहून खोल, यंत्राने खोदलेला बोगदा एकदा तयार झाला की त्यावर अतिक्रमण होत नाही, तो गंजत नाही, रस्ता खणावा लागत नाही. गुंदवली ते भांडुप हा सुमारे १५ किलोमीटरचा बोगदा आणि पूर्व उपनगरातल्या अमर महालपासून परळच्या दिशेने जाणारा जवळपास दहा किलोमीटरचा बोगदा ही यातली मोठी कामे. मुंबईच्या काळ्या बेसॉल्ट खडकाला ही पद्धत मानवते.

तरीही खोली म्हणजे पूर्ण सुरक्षितता नव्हे. २०२३च्या मार्चअखेरीस मुंबईत महिनाभरासाठी १५ टक्के पाणीकपात झाली. ठाण्यात कुणीतरी कूपनलिका खोदताना बोगद्याला भोक पाडले होते. दुरुस्तीसाठी बोगदा रिकामा करावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात १,८०० मिलिमीटर व्यासाची मुख्य वाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांचे नळ काही दिवस कोरडे राहिले. दोन्ही घटनांत यंत्रणा जुनी नव्हती, सामग्री निकृष्ट नव्हती. खाली काय आहे याचा नकाशा खोदणाऱ्याच्या हातात नव्हता, किंवा असून पाहिला गेला नव्हता. नूतनीकरणाच्या खर्चात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित बाब हीच: जमिनीखालच्या प्रत्येक पाइपाची, केबलची, बोगद्याची खरी जागा आणि खोली नोंदवलेला, सर्व संस्थांना बंधनकारक असलेला एकच नकाशा.

जुने पाडून नवे बांधणे म्हणजेच सुधारणा, असे समीकरण प्रशासनात रूढ आहे. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनखाली ब्रिटिशकालीन जलाशय आहे. त्याची क्षमता सुमारे १४७ दशलक्ष लिटर. कुलाब्यापासून ग्रँट रोडपर्यंतच्या दक्षिण मुंबईची तहान त्यावर भागते. तो पाडून नवा बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा उद्यान बंद होणार आणि शेकडो झाडे जाणार म्हणून रहिवासी उभे राहिले. तज्ज्ञांनी एकेक कप्पा रिकामा करून आतून पाहणी केली आणि अखेर दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. सव्वाशेहून अधिक वर्षांचे बांधकाम आतून सुस्थितीत निघावे, हे तेव्हाच्या गवंड्यांचे श्रेय. पण यातून एक व्यवहारी गोष्टही निघते. चालू जलाशय बंद करता येत नाही. तात्पुरता दुसरा बांधल्याशिवाय पहिला पाडता येत नाही. त्यामुळे आधी नीट तपासणी, मग दुरुस्ती आणि बदल शेवटी, हा क्रम कंटाळवाणा असला तरी स्वस्त पडतो.

मोठ्या वाहिन्यांपेक्षा खरी दुखणी गल्लीत आहेत. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते. ठरलेल्या वेळी महापालिकेचा चावीवाला झडप उघडतो, ठरलेल्या वेळी बंद करतो. झडप बंद झाली की पाइपातला दाब जातो. ज्या भोकातून पाणी सुरू असताना बाहेर गळत होते, त्याच भोकातून आता बाहेरचे पाणी आत ओढले जाते. चाळींच्या आणि झोपडपट्ट्यांच्या गल्ल्यांत घरगुती जोडण्यांच्या बारीक पाइपांचे जुडगे गटारातूनच गेलेले असतात. कमी दाबावर मात करायला लोक थेट वाहिनीला बूस्टर पंप लावतात, त्याने ओढ आणखी वाढते. भांडुपहून निघालेले निर्मळ पाणी शेवटच्या पन्नास मीटरांत दूषित होते ते असे. पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि काविळीची साथ आली की तलाव किंवा शुद्धीकरण केंद्र तपासून फारसे हाती लागत नाही. गल्लीतली गटारे तपासावी लागतात.

यावर उपाय म्हणजे पाइपात चोवीस तास दाब ठेवणे. कराडजवळच्या मलकापूरने या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस ते करून दाखवले. प्रत्येक जोडणीला मीटर, जास्त वापराला चढता दर, आणि नळाला कधीही पाणी. लोकांनी पिंप भरून ठेवणे सोडले, शिळे पाणी ओतणे थांबले आणि वापर आटोक्यात आला. मुंबईने वांद्रे पश्चिम आणि मुलुंड इथे असा प्रयोग हाती घेतला, पण शहरभर तो पसरला नाही. मलकापूर हे छोटे गाव आहे हे खरे, पण अडचण केवळ आकाराची नाही. गळती आणि चोरी मिळून मुंबईत आलेल्या पाण्याचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त हिशेबाबाहेर जातो, असे अंदाज वर्षानुवर्षे मांडले जातात. फुटक्या पाइपात चोवीस तास दाब ठेवला तर गळतीही चोवीस तास होते. म्हणून आधी विभागाचा सीमाबंद हिस्सा पाडून आत किती पाणी गेले आणि मीटरवर किती नोंदले गेले हे मोजायचे, रात्री वापर थांबल्यावरही वाहणारे पाणी शोधायचे, जमिनीला सळई लावून कानाने किंवा यंत्राने गळतीचा आवाज ऐकायचा, आणि मग पाइप बदलायचा. हे काम दिसत नाही. त्याचे भूमिपूजन करता येत नाही, त्यामुळे त्याला अर्थसंकल्पात मानाचे पान मिळत नाही.

पाणी कुणाला द्यायचे हाही नूतनीकरणाचाच भाग आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही असे म्हटले आणि मे २०२२मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणले. अधिकृत जोडणी नसते तिथे पाणी पोचत नाही असे नव्हे. ते टँकरने, शेजारच्या नळाने किंवा वाहिनीला भोक पाडून पोचते. ज्याची जोडणी अधिकृत आहे त्याला हजार लिटरला मोजके रुपये पडतात, ज्याची नाही तो त्याच पाण्याला त्याच्या अनेक पट मोजतो.

आता दुसरा प्रवाह. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून परत येते, असे गृहीत धरून देशात मलवाहिन्यांची आखणी करतात. मुंबईत सुमारे २,००० किलोमीटरच्या मलवाहिन्या आहेत. दक्षिण मुंबईतल्या काही अजूनही विटांच्या कमानींच्या आहेत. शहराचे सात विभाग पाडलेले आहेत: कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. मैलापाणी उताराने खोल जात राहते आणि फार खोल गेले की उदंचन केंद्रात पंपाने उचलून पुन्हा वाटेला लावतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या मलनिःसारण प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात वरळी आणि वांद्रे इथे समुद्राखालून साधारण साडेतीन किलोमीटर लांबीचे बोगदे खणले गेले. जाळीतून कचरा आणि रेती काढायची आणि बाकीचे पाणी खोल समुद्रात, अनेक तोंडांतून विखरून सोडायचे, अशी ही रचना. किनाऱ्यालगत सोडण्यापेक्षा ती निश्चितच बरी होती. पण तिला प्रक्रिया म्हणणे म्हणजे शब्दाला उदार होणे आहे. जैविक प्रक्रियेत हवा देऊन जिवाणू वाढवतात, ते मैल्यातले सेंद्रिय द्रव्य खातात आणि पाण्यातला प्राणवायू शोषून घेण्याची त्या मैल्याची ताकद कमी होते. ही पायरी मुंबईच्या बऱ्याचशा मैलापाण्याच्या नशिबी आलीच नाही. खाडीकाठच्या कोळीवाड्यांतून जुने मच्छीमार पूर्वी मिळणाऱ्या माशांची नावे सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसऱ्या टप्प्याचा आराखडा या शतकाच्या सुरुवातीपासून कागदावर होता. मध्ये प्रक्रियेची मानके कडक होत गेली, प्रत्येक वेळी आराखडा बदलला. किनारपट्टी नियमन आणि तिवरांच्या परवानग्या लागल्या, निविदा निघाल्या आणि रद्द झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जानेवारी २०२३मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सात केंद्रांची पायाभरणी झाली. वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ आणि वर्सोवा १८० दशलक्ष लिटर, अशी मिळून २,४६४ दशलक्ष लिटर रोजची क्षमता. पायाभरणीच्या वेळचा आकडा सुमारे १७,२०० कोटी रुपयांचा. कुलाब्याचे ३७ दशलक्ष लिटरचे छोटे केंद्र त्याआधीच सुरू झाले होते.

नवे केंद्र उभे राहते ते जुने चालू ठेवून, त्याच आवारात, समुद्रालगतच्या मऊ मातीत खांब रोवून. मुंबईत मैल्यासाठी मोकळी जागा कुणी देत नाही. म्हणून टाक्या एकावर एक, मजले चढवावे तशा रचाव्या लागतात, आणि दुर्गंधी बाहेर जाऊ नये म्हणून त्यांवर छत घालावे लागते, कारण केंद्राच्या कुंपणाला लागून उंच इमारती आहेत.

केंद्र बांधले तरी मैला तिथपर्यंत आला पाहिजे. अरुंद, वाहत्या रस्त्यावर खोल चर खणणे शक्य नसते तिथे सूक्ष्म बोगदा पद्धत वापरतात: दोन टोकांना खड्डे घेऊन मधला पाइप जमिनीखालूनच ढकलत नेतात. जुन्या विटांच्या वाहिनीत आतून अस्तर सरकवून तिला नवा पाइप करता येतो. कॅमेरा लावलेले यंत्रमानव आत सोडून भेगा पाहता येतात. सफाईसाठी पाण्याचा झोत मारणारी आणि गाळ ओढणारी वाहने आहेत. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३चा. तरीही महाराष्ट्रात सेप्टिक टाक्यांत आणि मलवाहिन्यांत गुदमरून कामगारांचे मृत्यू होतच असतात, आणि ते बहुधा कंत्राटदाराने नेमलेले, कुठल्याच हजेरीपटावर नसलेले असतात. यंत्र घेणे सोपे असते. ज्या गल्लीत यंत्र शिरत नाही तिथे काय करायचे, याचे उत्तर निविदेत लिहिलेले नसते.

तिसरे जाळे पावसाचे, आणि मुंबईची खरी परीक्षा तिथे होते. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईचे क्षेत्रफळ साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढ्या जागेवर नुसता एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी साडेचार हजार दशलक्ष लिटर पाणी होते, म्हणजे सातही तलावांतून दिवसभरात आणलेल्यापेक्षा जास्त. ब्रिटिश काळात पर्जन्य जलवाहिन्यांची रचना झाली ती तासाला २५ मिलिमीटर पाऊस, समुद्राला ओहोटी आणि पडलेल्या पावसातला निम्मा जमिनीत मुरणार, अशा तीन गृहीतकांवर. तेव्हाच्या बागा, भातखाचरे आणि खाजण जमिनी पाहता तिसरे गृहीतक चुकीचे नव्हते. आता मुरायला जमीनच उरली नाही.

त्यात समुद्राची पातळी. नाल्यांचे पाणी समुद्राला मिळते ती ठिकाणे म्हणजे पातमुखे. मुंबईत ती १८६ आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ सरासरीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, आणि फक्त सहा भरतीतही मोकळी राहतात. साडेचार मीटरहून उंच भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच नाल्यातून आत येतो. उतार नाही म्हणून नव्हे, उतार उलटा होतो म्हणून शहर तुंबते.

१९८५च्या पुरानंतर महापालिकेने सल्लागार नेमला आणि १९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि एक थेंबही मुरत नाही हे गृहीत धरून नाले रुंद करावेत, पंप बसवावेत, असे त्यात होते. खर्च ६१६ कोटी. पैसा नाही म्हणून बराचसा अहवाल कपाटात राहिला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच दिवशी शंभर मिलिमीटरही नव्हता. शेकडो माणसे गेली, नंतर लेप्टोची साथ आली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने मिठी नदीचा गळा कसा आवळला गेला हे मांडले, केंद्राने पैसे दिले, आणि 'ब्रिमस्टोवॅड' अहवालातलीच कामे कित्येक पट खर्चाने सुरू झाली. एवढा पाऊस कोणत्याच नाल्यात मावला नसता हे खरे. पण पन्नास मिलिमीटरची तयारी झाली असती तर दरवर्षीचे पाच-सहा दिवस तरी वाचले असते.

त्या अहवालातल्या आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा २०११ ते २०१९ या काळात सुरू झाली. भरती आली की दरवाजे खाली येतात, समुद्र बाहेर अडतो आणि आतले पाणी पंप उचलून फेकतात. एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर टाकतो. माहुल आणि मोगरा ही दोन केंद्रे जागेच्या वादात अडकून राहिली. त्याची किंमत पूर्वेकडे माटुंगा-चुनाभट्टीकडच्या आणि पश्चिमेकडे अंधेरीच्या रहिवाशांनी मोजली.

परळच्या हिंदमाता भागाची गोष्ट वेगळी. बशीसारख्या सखल या भागातले पाणी नेण्यासाठी ब्रिटानिया केंद्र झाले, तरी गुडघाभर पाणी साचतच राहिले. मग २०२१च्या सुमारास सेंट झेवियर्स मैदान आणि दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. पाऊस आणि भरती एकत्र असेपर्यंत पाणी टाकीत साठवायचे, ओहोटी लागली की सोडायचे. पाणी थांबलेच तर कुठे थांबेल याची जागा ठरवणे, हा विचार मुंबईला उशिरा सुचला. खाडीपल्याड सिडकोने नवी मुंबई वसवतानाच त्यासाठी धारण तलाव आणि भरतीला बंद होणारे दरवाजे ठेवले होते. तिथे आता उलटा पेच आहे. तलावांत गाळ साचला, तिवरे उगवली, आणि गाळ काढायचा तर तिवरांना संरक्षण देणारा कायदा आडवा येतो. देखभाल दहा वर्षे लांबली की ती नवाच प्रकल्प होऊन बसते.

तिन्ही प्रवाहांची गाठ उघड्यावर पाहायची असेल तर मिठी नदी पाहावी. विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे अठरा किलोमीटर वाहणारी ही नदी पावसाचे पाणी नेण्यासाठी आहे. उन्हाळ्यात, पाऊस नसतानाही ती भरलेली असते, कारण मलवाहिनी न पोचलेल्या वस्त्यांचा मैला तिच्यात येतो. मुंबईच्या मलवाहिन्या आणि पर्जन्य जलवाहिन्या कागदावर स्वतंत्र आहेत. लंडनसारखी एकत्र रचना इथे नाही. पण झोपडपट्टीतला संडास नाल्यावर उघडतो आणि रस्त्यावर पाणी साचले की कुणीतरी मॅनहोलचे झाकण उचलून पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडून देतो. ऑगस्ट २०१७च्या पावसात अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून शहरातल्या एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला, त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले. मिठीसाठी आता नाल्यांतला मैला वाटेतच अडवून बोगद्याने धारावीच्या केंद्राकडे नेण्याची योजना आहे. बापट नाला आणि सफेद पूल नाला हे त्यातले मुख्य. नदी रुंद आणि खोल करण्यावर जो खर्च झाला, त्याच्या आधी हे व्हायला हवे होते. मैला येत राहिला तर गाळही येत राहतो, आणि नालेसफाईचे कंत्राट दरवर्षी निघत राहते.

पैशाची रचनाही या तुटलेपणाला हातभार लावते. पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचा हिशेब महापालिकेच्या 'ग' अर्थसंकल्पात असतो, पर्जन्य जलवाहिन्यांचा 'अ' मध्ये. पहिल्या दोहोंना पाणीपट्टी आणि मलनिःसारण आकाराचे उत्पन्न आहे. पावसाच्या पाण्याचे बिल कुणी भरत नाही, म्हणून तिसऱ्याला रस्ते, रुग्णालये, उद्याने यांच्याशी स्पर्धा करून पैसे मागावे लागतात. वेळेचाही जाच आहे. रस्ते खणण्याची कामे मेअखेर थांबवावी लागतात, पाऊस ओसरल्यावरच पुन्हा हात घालता येतो. एकाच रस्त्याचे सिमेंट काँक्रीटीकरण झाले की खालची जलवाहिनी बदलायची राहून गेल्याचे लक्षात येते, हा अनुभव मुंबईकरांना नवा नाही. काँक्रीट घालण्याआधी तिन्ही जाळ्यांची पाहणी सक्तीची केली तर एकाच रस्त्यावर तीनदा खर्च होणार नाही.

पुढच्या पाण्यासाठी तीन वाटा चर्चेत आहेत. पहिली नव्या धरणांची. गारगाईतून ४४० दशलक्ष लिटर, पिंजाळमधून ८६५. पण गारगाईचे क्षेत्र तानसा अभयारण्यात येते, त्यासाठी मोठ्या संख्येने झाडे तोडावी लागतील आणि गावे उठतील. दुसरी मनोरी इथे समुद्राचे पाणी गोडे करण्याची, सुरुवातीला २०० दशलक्ष लिटर. त्यात विजेचा खर्च जबर आहे आणि उरलेले अतिखारट पाणी पुन्हा समुद्रात सोडावे लागते. तिसरी वाट वापरलेल्या पाण्याची. नागपूरने भांडेवाडीला प्रक्रिया केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिले आणि तेवढे धरणाचे पाणी वाचवले. मुंबईतही धारावी आणि घाटकोपरच्या केंद्रांत तृतीय प्रक्रिया केलेले पाणी सुमारे साडेअठरा किलोमीटरच्या बोगद्याने भांडुपला नेण्याचे आखले आहे. वापर कशासाठी, दर काय, आणि पिण्याच्या वाहिनीपासून ती वाहिनी वेगळी कशी राखायची, हे ठरवावे लागेल. मुंबईच्या गल्लीत वेगळेपण टिकत नाही याचा दीडशे वर्षांचा पुरावा समोर आहे, त्यामुळे सुरुवात कारखाने, रेल्वे यार्ड, उद्याने आणि मोठ्या संकुलांच्या शौचालयांपासून करणे शहाणपणाचे.

धरणाची निवड झालीच तर त्याच्या खर्चात आणखी एक रक्कम धरावी लागते. गारगाईचे ४४० दशलक्ष लिटर शहरात आले की त्यातले सुमारे ३५० दशलक्ष लिटर मैलापाणी होऊन बाहेर पडेल. ते घाटकोपरच्या नियोजित केंद्राच्या संपूर्ण क्षमतेपेक्षा जास्त आहे.